घर, एकवीस अंश

पहिल्या भेटीत थर्मामीटर अठरा म्हणाला,
मी फॉर्मवर अठरा लिहिलं.
इडवल प्रॉदरो, वय एकोणऐंशी,
दम्याहून वाईट असं काहीतरी फुप्फुसांत,
या हिवाळ्यात दोनदा इस्पितळ.
अबरडेअरच्या चढावर ओळीतलं शेवटचं घर,
एक भिंत शेजाऱ्याला लागून,
एक नुसत्या वाऱ्याला.

त्यांनी चहा केला. बिस्किटं बशीत गोल मांडली.
अंगातला कोट काढला नाही.
ते मी लिहिलं नाही.

फॉर्मवर एक चौकट होती: दुर्बल व्यक्ती, होय की नाही.
त्यांनी ती माझ्या खांद्यावरून वाचली.
"एकतीस वर्षं बस चालवलीय मी
मार्डीच्या घाटात, बर्फात,
एकदाही गाडी घसरली नाही. ते लिही."
दर चार शब्दांनी धाप,
मग पुढचे चार,
चढणीवर गिअर बदलावा तसे.
जागा नव्हती. मी समासात लिहिलं.

बाहेर पडताना शेजारच्या ग्लेनिसनं गाठलं,
हातात कचऱ्याची पिशवी:
"तू येणार म्हणून सकाळपासून हीटर लावलाय त्यानं.
पाहुण्याला थंडी वाजायला नको.
आता तू कोपऱ्यावर वळलीस
की बंद."

मंगळवारी न सांगता गेले.
अकरा.
दूध फ्रीजबाहेर, खिडकीच्या कट्ट्यावर;
तिथंच बरं टिकतं म्हणाले.
मागच्या खोलीत आम्ही बोललो
ते शब्द दिसत होते.
जिन्याखाली मीटर, आधी पैसे मग गॅस.
दहा पौंड भरले की तीन जुन्या उधारीत वळते,
आणि उधारी मायरच्या शेवटच्या हिवाळ्याची.
तिला हीव भरायचं रात्री-अपरात्री,
तेव्हा यांनी मोजलं नव्हतं.
"त्या पैशांचं काही नाही गं," म्हणाले,
"ऊब तिला लागली ना."

मग जे करायचं ते केलं, आणि ते कवितेत नीट बसत नाही:
दाराखाली ब्रश, रेडिएटरमागे चंदेरी कागद,
पत्रं टाकायच्या फटीला झडप,
गॅस कंपनीला फोन, चाळीस मिनिटं तेच व्हायोलिन,
पुन्हा फोन, पुन्हा तेच व्हायोलिन,
आणि दवाखान्यातल्या नर्सची चिठ्ठी:
पंप सकाळ-संध्याकाळ, पांढरी गोळी, पिवळी गोळी,
शेवटी तिच्याच अक्षरात:
घर, एकवीस अंश.
इडवलनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरली.
"हे जेवणाआधी की नंतर?"

उधारी माफ झाली. सगळी नाही.
खाली दरीत माझ्या यादीवर अजून सत्तावीस दारं,
त्यातलं एक उघडलंच नाही;
एक बाई फटीतून बोलली, "आमचं बरं चाललंय,"
आणि त्याच फटीतून वारा आत जात होता
पायपुसण्याचं टोक उचलत.

मार्चमध्ये फोनवर त्यांचा निरोप,
मध्ये मध्ये श्वास:
"पोरी, आज कोट काढला. घरात.
कधीचा हातात धरून उभा आहे.
दारामागं खुंटी एकच,
आणि तिच्यावर मायरचा आहे.
तुझ्या फॉर्मात याचं काही आहे का?"
पुढे बराच वेळ काहीच नाही,
नुसता बॉयलर पेटल्याचा आवाज,
आणि तो ऐकत थांबलेले ते.

शुक्रवारी जाताना
पिशवीत एक पितळी खुंटी टाकली, दोन स्क्रू.
त्या पिशवीतून बाहेर काढल्याच नाहीत.
दारामागं दोन्ही कोट एकावर एक होते,
तिचा आत.